आभासी भिंत हाताला कडक कशी लागते: स्पर्शाच्या बलांमागचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मोटर, एक एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) आणि एक हँडल जोडून तुम्ही छोटं फोर्स-फीडबॅक उपकरण तयार केलंय. हँडल आभासी भिंतीत जितकं आत शिरेल तितकं बल उलट्या दिशेने द्यायचं, एवढाच कोड आहे. भिंत मऊ ठेवली तर सगळं ठीक चालतं, पण कडकपणा वाढवला की हँडल थरथरायला लागतं. तोच कोड त्रिमितीत नेला तर जाड ठोकळा हाताला नीट लागतो, पातळ पत्र्यातून मात्र हात आरपार जातो. मग बलाचं सूत्रच चुकलंय का, आणि शस्त्रक्रियेच्या सिम्युलेटरसारख्या मोठ्या प्रणाली हे बल कसं काढतात?

सूत्र बरोबर आहे. स्प्रिंगचा तो साधा नियम आजही जवळपास प्रत्येक हॅप्टिक, म्हणजे स्पर्शाची जाणीव देणाऱ्या, प्रणालीच्या मुळाशी आहे. फक्त त्यात दोन गोष्टी नाहीत. कम्प्युटर हाताकडे सतत पाहत नसतो, ठरावीक अंतराने पाहतो, हे त्या सूत्राला माहीत नाही. आणि हात वस्तूच्या कोणत्या बाजूने आत आला, हे त्याच्या लक्षात राहत नाही. थरथर पहिल्या उणिवेमुळे येते, आरपार जाणं दुसरीमुळे. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी एका फेरीत काय घडतं ते बघू. एन्कोडर सांध्यांचे कोन सांगतात. कोनांवरून हँडलचं टोक अवकाशात कुठे आहे ते काढलं जातं. ते टोक आभासी वस्तूला लागतंय का हे तपासलं जातं आणि लागत असेल तर बल ठरतं. टोकाशी हवं असलेलं बल प्रत्येक मोटरच्या वाट्याला किती टॉर्क (फिरवणारा जोर) म्हणून येईल, हे त्या बलाला जॅकोबियन मॅट्रिक्सच्या (सांध्यांचा वेग टोकाच्या वेगात बदलणारा आकड्यांचा तक्ता) ट्रान्सपोजने गुणून मिळतं. टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो, त्यामुळे शेवटी मोटरला जातो तो करंटचा एक आकडा. एवढं सगळं एका मिलिसेकंदात, आणि पुढच्या मिलिसेकंदात पुन्हा पहिल्यापासून.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. अशा बहुतेक उपकरणांत बल मोजणारा सेन्सर नसतोच. तुमच्या बोटाचा जोर कम्प्युटरला कधीच थेट कळत नाही. त्याला फक्त जागा कळते. तुम्ही तीन न्यूटनने दाबताय की पाचने, हे हँडल किती आत सरकलं त्यावरूनच समजतं. म्हणजे भिंतीत थोडं तरी शिरल्याशिवाय भिंत अस्तित्वातच येत नाही. हा शिरकाव शून्यावर आणायच्या मागे अनेक जण लागतात. तो शून्य होणार नाही, आणि व्हायलाही नको, कारण मोजमाप त्याच्यावरच चाललंय.

जागा वाचून बल देणाऱ्या या उपकरणांना इम्पिडन्स प्रकारची म्हणतात. उलटा प्रकारही आहे: हँडलवरचं बल सेन्सरने मोजायचं आणि त्यानुसार हँडल हलवायचं. तो अ‍ॅडमिटन्स प्रकार. त्यात भिंत फार कडक करता येते, पण गिअर असलेली जड यंत्रणा मोकळ्या हवेत हलकी भासवणं अवघड जातं. थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिस्बरी यांनी एमआयटीत बनवलेल्या फँटम उपकरणावर १९९४ मध्ये लेख लिहिला, त्यात तीन अटी मांडल्या होत्या: मोकळी जागा मोकळी वाटली पाहिजे, घन वस्तू कडक वाटली पाहिजे, आणि आभासी अडथळा सहज हार मानता कामा नये, म्हणजे मोटरची कमाल ताकद चटकन संपता कामा नये. या तीन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. ताकदवान मोटर जड असते आणि जड मोटर मोकळ्या जागेत हाताला जाणवते. फँटममध्ये त्यासाठी गिअरऐवजी केबल वापरली आणि मोटरींचं वजनच यंत्राच्या हाताला तोलायला लावलं. उपकरण निवडताना कमाल बलाचा आकडा सगळे विचारतात. मोकळ्या जागेत ते किती अडतं, हे मी आधी पाहतो.

आता थरथर. ग्राफिक्सला सेकंदाला ६० चित्रं पुरतात, मग स्पर्शाला १००० फेऱ्या कशाला, असं विचारलं की उत्तर मिळतं: त्वचेला साधारण १००० हर्ट्झपर्यंतची कंपनं कळतात म्हणून. ते खरं आहे. त्वचेतली पॅसिनियन कॉर्पसल नावाची ग्राहकं २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात आणि तिथे एका मायक्रोमीटरहून लहान कंपनही पकडतात. पण तुमचं हँडल थरथरतंय ते त्वचेमुळे नाही. तिथे ऊर्जेचा हिशोब चुकतोय.

समजा भिंतीचा कडकपणा १००० न्यूटन प्रति मीटर आहे, म्हणजे एक मिलिमीटर आत गेलं की एक न्यूटन. हात सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने आत चाललाय, म्हणजे एका मिलिसेकंदात ०.१ मिलिमीटर. फेरीच्या सुरुवातीला कम्प्युटरने जागा वाचली, बल ठरवलं, आणि पुढचा पूर्ण मिलिसेकंद तेच बल कायम ठेवलं. फेरी संपता संपता हात ०.१ मिलिमीटर आणखी आत गेलेला असतो. खऱ्या स्प्रिंगने त्या क्षणी ०.१ न्यूटन जास्त विरोध केला असता. आत जाताना प्रत्येक फेरीत हेच होतं: भिंत जरा कमी विरोध करते. हात बाहेर यायला लागला की उलटं. आता वाचलेली जागा प्रत्यक्षापेक्षा आतली असते, म्हणून भिंत जरा जास्त ढकलते. खरी स्प्रिंग जेवढी ऊर्जा घेते त्याहून जास्त कधीच परत देत नाही. ही भिंत देते. दर धडकेत हँडल थोड्या जास्त वेगाने परत फेकलं जातं, बोट ते पुन्हा आत दाबतं, आणि चक्र सुरू राहतं.

ही गळती किती मोठी, तेही काढता येतं. सरासरी अर्ध्या फेरीचा उशीर धरला तर ती कडकपणा गुणिले फेरीचा काळ भागिले दोन, एवढ्या ऋण डॅम्पिंगसारखी वागते. (डॅम्पिंग म्हणजे वेगाच्या प्रमाणात विरोध करून ऊर्जा शोषून घेणं; ऋण असलं की ते उलट ऊर्जा घालतं.) वरच्या आकड्यांत ते ०.५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर येतं. एडवर्ड कोलगेट आणि शेंकेल यांनी नव्वदच्या दशकात याची काटेकोर अट सिद्ध केली: उपकरणात प्रत्यक्ष असलेलं डॅम्पिंग हे या ऋण डॅम्पिंगच्या आणि कोडमधून दिलेल्या डॅम्पिंगच्या बेरजेपेक्षा जास्त हवं. तसं असेल तर कोणीही, कसाही हात लावला तरी भिंत स्वतःहून ऊर्जा निर्माण करणार नाही.

अट उलटी फिरवून वाचली की १००० हर्ट्झचं कोडं सुटतं. उपकरणाचं स्वतःचं डॅम्पिंग ०.५ असेल तर १००० हर्ट्झला जास्तीत जास्त १००० न्यूटन प्रति मीटर एवढा कडकपणा सुरक्षित. तीन न्यूटनने दाबलं तर हात तीन मिलिमीटर आत जातो. भिंत म्हणून चालून जातं. हाच हिशोब ६० हर्ट्झला करा. मर्यादा ६० न्यूटन प्रति मीटरवर येते आणि त्याच तीन न्यूटनला हात पाच सेंटिमीटर आत जातो. ती भिंत नव्हे, गादी झाली. ग्राफिक्सच्या लूपमध्ये बल मोजायला गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव येतो.

अटीतला दुसरा भाग अनेकांना उलटा वाटतो. थरथर होतेय तर कोडमध्ये डॅम्पिंग वाढवावं, असं सहज सुचतं. तुम्हीही ते करून पाहिलं असेलच. थोडं वाढवलं तर फायदा दिसतोही. पण कोडमधलं डॅम्पिंग वेगावरून मोजलं जातं आणि वेग एन्कोडरच्या दोन वाचनांच्या फरकातून येतो. टोकाशी ०.०३ मिलिमीटरचं रिझोल्यूशन असलेलं उपकरण घ्या. एका मिलिसेकंदात मोजता येणारा सर्वांत लहान वेग होतो सेकंदाला ३० मिलिमीटर. हात सेकंदाला १० मिलिमीटरने सरकत असेल तर कम्प्युटरला दिसतं: शून्य, शून्य, तीस, शून्य, शून्य, तीस. डॅम्पिंग ५ न्यूटन-सेकंद प्रति मीटर ठेवलं असेल तर प्रत्येक तिसला ०.१५ न्यूटनचा धक्का बसतो, आणि तो बोटाला स्पष्ट खरखरीसारखा लागतो. गंमत अशी की फेऱ्यांचा वेग दुप्पट केला तर हे धक्केही दुप्पट होतात. फिल्टर लावला की आकडे गुळगुळीत होतात, पण फिल्टर म्हणजे आणखी उशीर. म्हणून खरा उपाय बहुतेकदा यंत्रात असतो: जास्त रिझोल्यूशनचा एन्कोडर, किंवा थोडंसं प्रत्यक्ष चिकट घर्षण. चुंबकाने निर्माण होणाऱ्या भोवरा प्रवाहांवर चालणारे डॅम्परही काही प्रयोगशाळांनी यासाठी वापरले आहेत.

उशिराचा हिशोब तर फारच निर्दयी आहे. एन्कोडर वाचल्यापासून मोटरला करंट मिळेपर्यंत जेवढा वेळ जातो, तो त्या अर्ध्या फेरीत मिळवावा लागतो. यूएसबीवरून एक मिलिसेकंदाचा उशीर आला तर अर्ध्या मिलिसेकंदाचे दीड झाले, आणि कमाल कडकपणा एक तृतीयांशावर आला. गणित जलद, पण तारेत वेळ गेला, असं पुष्कळ ठिकाणी होतं.

हे तुमच्या उपकरणावर पाहता येईल. हँडल एका बोटाने भिंतीला नुसतं टेकवून ठेवा आणि कडकपणा हळूहळू वाढवत न्या. बराच वेळ काही होणार नाही. मग बोटाखाली बारीक खरखर सुरू होईल आणि मोटरमधून गुणगुण ऐकू येईल. आणखी वाढवलं की हँडल डोळ्यांना दिसेल इतकं उडायला लागेल. आता ते मुठीत घट्ट धरा: बहुतेकदा सगळं शांत होतं, कारण हाताच्या स्नायूंचं आणि त्वचेचं डॅम्पिंग मदतीला आलेलं असतं. म्हणून चाचणी नेहमी सैल बोटाने करावी. घट्ट मुठीत तपासलेली भिंत दुसऱ्याच्या हातात गेली की थरथरते.

आता पातळ पत्रा. किती आत शिरलं हे मोजायचं तर जवळचा पृष्ठभाग शोधावा लागतो, आणि घोटाळा तिथेच आहे. ४ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या, कडकपणा तोच १०००. वरून दोन न्यूटनने दाबलं की टोक दोन मिलिमीटर आत, म्हणजे बरोबर मध्यावर. आणखी जरा दाबलं की सर्वांत जवळचा पृष्ठभाग खालचा ठरतो. सूत्र प्रामाणिकपणे खालच्या दिशेने बल देतं, आणि ज्या पत्र्याला तुम्ही दाबत होतात तोच तुम्हाला पलीकडे फेकतो. ठोकळ्याच्या कडेजवळही हेच. वरच्या बाजूला दाबत दाबत कडेकडे सरकलात की एका क्षणी बाजूचा पृष्ठभाग जवळचा होतो आणि हात अचानक आडवा ढकलला जातो.

याचा इलाज झिलेस आणि सॅलिस्बरी यांनी १९९५ मध्ये मांडला. माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे. हाताचं एकच टोक न मानता दोन बिंदू मानायचे. पहिला बिंदू म्हणजे उपकरणाचं खरं टोक. त्याला अडवणारं प्रत्यक्षात काही नाही, ते वस्तूच्या आतही जाईल. दुसरा बिंदू फक्त कम्प्युटरच्या मेमरीत आहे आणि त्याला वस्तूत शिरायला पूर्ण बंदी आहे. मोकळ्या जागेत दोघे एकाच ठिकाणी असतात. टोक वस्तूत घुसलं की दुसरा बिंदू पृष्ठभागावरच अडतो, पण पृष्ठभागावरून सरकत टोकाच्या जास्तीत जास्त जवळ राहायला बघतो. दोघांमध्ये स्प्रिंग ताणलेली आहे असं धरायचं. तिचा ताण हेच तुम्हाला मिळणारं बल. त्यांनी या दुसऱ्या बिंदूला गॉड ऑब्जेक्ट म्हटलं होतं. आज बहुतेक जण प्रॉक्सी म्हणतात.

आता पत्र्यावर परत या. टोक तीन मिलिमीटर आत गेलं, सहा मिलिमीटर गेलं, म्हणजे पत्र्याच्या पलीकडेही पोचलं. प्रॉक्सी अजून वरच्याच पृष्ठभागावर आहे, म्हणून बल अजूनही वरच आहे. कोणत्या बाजूने आलो याची वेगळी नोंद कुठेच ठेवलेली नाही. प्रॉक्सी जिथे आहे ती जागाच ती आठवण आहे.

गणित असं चालतं. प्रत्येक फेरीत प्रॉक्सीपासून टोकापर्यंत रेषा काढायची आणि ती कोणत्या त्रिकोणाला छेदते ते पाहायचं. छेदत असेल तर त्या त्रिकोणाचं प्रतल बंधन बनतं. मग त्या बंधनाच्या आत राहून टोकापासूनचं अंतर किमान कुठे होईल तो बिंदू लॅग्रांज गुणकांनी (बंधनं पाळून किमान मूल्य शोधायची पद्धत) काढायचा. तिथे जाताना दुसरा त्रिकोण आड आला तर तेही प्रतल घ्यायचं आणि पुन्हा सोडवायचं. एका बिंदूला अवकाशात पूर्ण जखडायला तीन प्रतलं पुरतात, त्यामुळे समीकरणं फार तर सहा अज्ञातांची. आजच्या प्रोसेसरला हे काहीच नाही. खरा वेळ लागतो तो लाखो त्रिकोणांतून नेमके कोणते तपासायचे हे ठरवायला. त्यासाठी वस्तूभोवती एकात एक बसणाऱ्या पेट्यांचं झाड आधीच बांधून ठेवतात. शिवाय एका मिलिसेकंदात हात फार तर मिलिमीटरच्या अंशाने सरकतो, त्यामुळे मागच्या फेरीतल्या त्रिकोणाच्या शेजाऱ्यांपासूनच शोध सुरू करता येतो.

रुस्पिनी, कोलारोव्ह आणि खातिब यांनी १९९७ मध्ये प्रॉक्सीला बिंदूऐवजी छोटा गोळा केलं. प्रत्यक्ष मॉडेलमध्ये त्रिकोणांच्या शिवणी नीट जुळलेल्या नसतात आणि दशांशांच्या पूर्णांकनातही बारीक फटी पडतात. बिंदू त्यातून निसटतो, गोळा निसटत नाही. तुम्ही प्रॉक्सी लिहिणार असाल तर सुरुवातीपासून गोळाच घ्या.

एक गोष्ट मात्र विसरू नका: पडद्यावर काढायची ती प्रॉक्सी, खरं टोक नाही. टोक काढलं तर माणसाला आपलं बोट भिंतीत बुडालेलं दिसतं आणि भिंत लगेच मऊ वाटते. एमआयटीत मंडयम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आभासी स्प्रिंगवर प्रयोग केले होते. हाताला लागणारी स्प्रिंग आणि पडद्यावर दबताना दिसणारी स्प्रिंग यांत जाणूनबुजून तफावत ठेवली, तेव्हा माणसांनी कोणती स्प्रिंग कडक हे मुख्यतः डोळ्यांवरूनच ठरवलं. मोटर देऊ शकत नाही तेवढा कडकपणा पडदा देऊन जातो.

प्रॉक्सी आली की घर्षण जवळजवळ फुकट मिळतं. स्प्रिंगच्या ताणाचे दोन भाग करा, पृष्ठभागाला लंब आणि पृष्ठभागाला समांतर. समांतर ओढ ही लंब बल गुणिले घर्षणांक यापेक्षा कमी असेल तोवर प्रॉक्सीला हलूच द्यायचं नाही. ओढ त्यापुढे गेली की प्रॉक्सी फक्त मर्यादेच्या सीमेपर्यंत सरकवायची. स्थिर घर्षणांक गतीच्या घर्षणांकापेक्षा थोडा मोठा ठेवला की अडकत-सुटत सरकणं आपोआप हाताला लागतं. वक्र वस्तू त्रिकोणांची बनलेली असेल तर प्रत्येक कड बोटाला लागते. त्यासाठी मॉर्गनबेसर आणि श्रीनिवासन यांनी १९९६ मध्ये फोर्स शेडिंग आणलं: ग्राफिक्समध्ये गोलाई भासवायला पृष्ठभागाच्या लंबदिशा जशा मिसळतात तशाच इथे बलाच्या दिशेसाठी मिसळायच्या.

पृष्ठभागाचा पोत हे तर स्वतंत्र आश्चर्य आहे. मार्गारेट मिन्स्की यांनी १९९० च्या सुमारास दाखवलं की फक्त दोन दिशांनी आडवं सरकणाऱ्या, वर-खाली अजिबात न हलणाऱ्या जॉयस्टिकवरही उंचवटे आणि खरखर जाणवून देता येते. उंचवट्याच्या चढावर आडवं बल हाताला मागे ढकलतं, उतारावर पुढे. तेवढं दिलं की हाताला उंचवटा लागतो. २००१ मध्ये रोब्लेस-दे-ला-तोरे आणि व्हिन्सेंट हेवर्ड यांनी नेचरमध्ये याच्या पुढचा प्रयोग छापला. प्रत्यक्ष उंचवट्यावरून बोट फिरवायला लावलं आणि त्याच वेळी आडवं बल खड्ड्याचं दिलं. माणसांना खड्डा लागला. बोट खरोखर वर चढत होतं, तरी. बल मोजताना आकाराची हुबेहूब नक्कल करावी लागत नाही, योग्य दिशेचं योग्य बल वेळेवर द्यावं लागतं, याचा यापेक्षा थेट पुरावा मला माहीत नाही.

कडकपणाही असाच वळसा घालून मिळवता येतो. स्थिरतेची अट कडकपणाला वरून कापते, पण लाकूड आणि रबर यांतला फरक आपण दाबून कमी आणि टकटक करून जास्त ओळखतो. टकटक करताना हाताला मिळतो तो काही मिलिसेकंदांचा झटका आणि मागोमाग विरत जाणारं कंपन. अ‍ॅलिसन ओकामुरा आणि सहकाऱ्यांनी खऱ्या पदार्थांवर टकटक करून ही कंपनं नोंदवली आणि ती विरत जाणाऱ्या साइन लहरीत बसवली: आयाम (लहरीची उंची) धडकेच्या वेगाच्या प्रमाणात, वारंवारता आणि विरण्याचा वेग पदार्थाप्रमाणे. धडक ओळखली की ही लहर नेहमीच्या स्प्रिंग बलात मिळवायची. कॅथरीन कुकनबेकर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की अशा झटक्याने आभासी लाकूड खऱ्या लाकडाच्या बरंच जवळ येतं. हा झटका आधीच ठरलेला असतो, हाताच्या जागेप्रमाणे दर फेरीत बदलत नाही. म्हणून तो वरच्या ऊर्जेच्या कचाट्यात सापडत नाही. तुमच्या एका मोटरवरही हे पाच-सहा ओळींत होईल, आणि कडकपणा दुप्पट केल्याहून जास्त फरक पडेल.

आतापर्यंत सगळं एका बिंदूचं झालं. हातात पाना किंवा शस्त्रक्रियेचं अवजार असेल तर ते एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी टेकतं, आणि बलाबरोबर टॉर्कही द्यावा लागतो. बोइंगमध्ये मॅकनीली आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यासाठी वेगळा मार्ग घेतला. विमानाच्या गच्च भरलेल्या भागांत एखादा सुटा भाग आत जाईल का, बाहेर काढता येईल का, हे हाताने अजमावायचं होतं. त्यांनी स्थिर वस्तूंचं बारीक घनांच्या जाळ्यात रूपांतर केलं, हलणाऱ्या वस्तूवर बिंदूंचं कवच पसरवलं, आणि प्रत्येक बिंदू कोणत्या घनात आहे एवढंच पाहिलं. त्रिकोणांची भानगडच नको. प्रत्येक बिंदूचं छोटं स्प्रिंग बल काढून बेरीज केली की एकूण बल आणि टॉर्क मिळतात. अडचण अशी की शंभर बिंदू एकदम टेकले तर कडकपणाही शंभरपट होतो आणि पुन्हा थरथर. यावर उतारा म्हणजे कोलगेट, स्टॅन्ली आणि ब्राउन यांचं १९९५ चं व्हर्च्युअल कपलिंग: उपकरण आणि आभासी अवजार यांना थेट न जोडता मध्ये ठरावीक कडकपणाची स्प्रिंग आणि डॅम्पर ठेवायचा. आत सिम्युलेशन काहीही करो, हाताला त्या स्प्रिंगहून कडक काही लागतच नाही. प्रॉक्सीची स्प्रिंग ही याचीच लहान बहीण.

मऊ ऊतींचं गणित याहून जड आहे. यकृताचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (अवयवाचे बारीक तुकडे करून हिशोब करणारं) १००० हर्ट्झला सोडवणं बहुतेकदा परवडत नाही, म्हणून दोन लूप चालवतात. मोठं सिम्युलेशन संथ, सेकंदाला काही डझन वेळा. ते हाताजवळच्या भागाचं एक सोपं स्थानिक रूप तयार करून देतं, म्हणजे एखादं प्रतल आणि त्याचा कडकपणा. जलद लूप फक्त त्या स्थानिक रूपाशी १००० हर्ट्झला बोलतो. अडाची यांच्या गटाने १९९५ मध्ये ही कल्पना मांडली. यातली ठेच ठरलेली आहे: नवं प्रतल आलं की बल एकदम उडी मारतं आणि हाताला टिचकी बसते. जुन्यातून नव्यात पंधरा-वीस फेऱ्यांत हळूहळू जायचं, एवढा त्यावर उपाय. आकडे किती अचूक हवेत याची चिंता इथे कमी करा. जोन्स आणि हंटर यांच्या १९९० च्या मोजमापात माणसाला कडकपणातला फरक साधारण २३ टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच कळत होता. ऊतीचा कडकपणा दहा टक्क्यांनी चुकला तर विद्यार्थ्याच्या हाताला पत्ता लागणार नाही. बलाने एका मिलिसेकंदात मारलेली उडी मात्र लगेच लागेल.

तुमच्यासाठी पुढची पायरी. कडकपणाला हात लावायच्या आधी लूपचा काळ मोजा, आणि सरासरी नको, सर्वांत वाईट फेरी मोजा. सरासरी एक मिलिसेकंद असून अधूनमधून दहाची फेरी पडत असेल तर कोणतीही अट कामाची नाही. अशा वेळी लूपला रिअल-टाइम प्राधान्य द्या किंवा मायक्रोकंट्रोलरवर हलवा. मग हॅनाफोर्ड आणि र्यू यांची २००२ ची युक्ती वापरा: दर फेरीत भिंतीचं विरोधी बल गुणिले त्या फेरीतलं आत जाण्याचं अंतर काढा, बाहेर येताना ते ऋण धरा, आणि बेरीज करत जा. भिंतीने हाताकडून आजवर एकूण किती ऊर्जा घेतली हे ती बेरीज सांगते. एका बोटाने भिंतीवर टकटक करा आणि दर टकटकीनंतर तो आकडा पाहा. शून्याच्या वर राहत असेल तर कडकपणा अजून वाढवायला जागा आहे. शून्याखाली गेला की तेवढ्याच फेऱ्यांपुरतं, ऊर्जा गिळण्याइतकंच डॅम्पिंग द्या; एरवी शून्य ठेवा.